बारा नंबरच्या कानपट्टीने ऐकलेले

हेडसेट हे माझे शाळेतले नाव. पण ज्या बाईने मला पहिल्यांदा जपून हातात धरले, तिने मला कानपट्टी म्हटले, म्हणून मी तेच नाव लावते. डाव्या कानाची गादी फाटलेली, वायरला दोन जागी चिकटपट्टी, तोंडापुढची काडी जरा वाकडी, अशी मी जुनी कानपट्टी जर्मनीतल्या बॉबलिंगेनमधल्या एका घरात हुकाला टांगलेली असते. नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या चकचकीत वस्तूंना जे आयुष्यभर कळणार नाही, ते मी एका हिवाळ्यात ऐकले आहे.

माझा जन्म कुठे झाला, मला माहीत नाही. पाठीवरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत काही लिहिले होते, ते घासून गेले. एवढे आठवते की आम्ही पंचवीस जणी एका खोक्यात आलो, २०१६ च्या शरद ऋतूत. शाळेच्या शिपायाने प्रत्येकीवर गोल आकडा चिकटवला. मी बारा. सहावी ‘ब’च्या वर्गात एका मुलामागे एक टॅबलेट आणि एक हेडसेट. एकाची दुसऱ्याने घालायची नाही, डोक्यात उवा होतात, अशी ताकीद होती. घरी न्यायला मात्र परवानगी होती.

माझ्यात एक उणीव आहे, ती आत्ताच सांगून टाकते. मी ऐकते आणि ऐकलेले पुढे पोचवते, पण मला स्वतःचा आवाज नाही. ही उणीव कधी जिवावर बेतेल असे मला तेव्हा वाटले नव्हते.

त्या वर्गाला इंग्रजी शिकवायला दोघे होते. तीन तास पुस्तकाचे, ते फ्राउ आयझेले, म्हणजे आयझेलेबाई, घ्यायच्या. साठीच्या जवळ आलेल्या, खडू हातात धरून बोलणाऱ्या. दोन तास टॅबलेटचे, ते हेर क्युबलर, म्हणजे क्युबलरसर, घ्यायचे. तरुण, उभ्याउभ्या कॉफी पिणारे. मुले माझ्या काडीत बोलायची, टॅबलेटमधले यंत्र उच्चार तपासायचे आणि शंभरातले गुण द्यायचे.

आम्हाला सगळ्या शाळेसाठी घ्यायचे की परत पाठवायचे, हे ठरायचे होते. त्यासाठी शिक्षकांच्या खोलीत बैठक झाली आणि नमुना म्हणून मला टेबलावर ठेवले.

हेर क्युबलर म्हणाले, “पंचवीस मुले, पंचेचाळीस मिनिटे. एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटेसुद्धा येत नाहीत. हे यंत्र प्रत्येकाचे ऐकते आणि कंटाळत नाही.”

“ऐकते?” फ्राउ आयझेले म्हणाल्या. “मोजते म्हणा. समोरच्याला काही सांगायचे असते, म्हणून मूल बोलायला शिकते. या काडीला कोण काय सांगणार?”

“तुमच्या तासाला तरी कोण बोलते? तीच तीच पाच मुले.”

“पण त्या पाचांना मी ओळखते.”

“आणि बाकीचे वीस?”

मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळाकडे पाहिले आणि ईस्टरच्या सुट्टीआधी लेखी अहवाल मागितला. मला काडी म्हटले याचा मला राग आला होता. तरी सांगते, दोघांचेही बोलणे मला खोटे वाटले नाही.

मी ज्या मुलीच्या वाट्याला आले ती त्या बाकीच्या वीस जणांतली होती. तिचे नाव धम्मदीपा. तिचे वडील राजानंद मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, आई उत्कर्षा एका कंपनीत कामाला. पाचवीत पहिल्याच दिवशी तिचे नाव वाचताना कोणीतरी “डाम… डाम…” करत अडखळले आणि वर्ग हसला. तेव्हापासून तिने हात वर करणे सोडून दिले. घरी मराठी सगळी समजायची, पण उत्तर जर्मनमध्ये. मात्र माझ्याशी ती भडाभडा बोलायची. इंग्रजी तिथे सगळ्यांनाच नवीन, तिच्यापुढे कोणी नाही, हसायला कोणी नाही. एक्क्याण्णव, त्र्याण्णव, नव्वद असे गुण पडायचे.

तिला एकच गोष्ट हवी होती. सातवीपासून शाळेत एक तुकडी निघते, तिथे भूगोल आणि इतिहास इंग्रजीत शिकवतात. चोवीस जागा. यादी मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी लागणार होती. ही मुलगी डोळे मिटून माझ्या काडीत जगातल्या नद्यांची नावे इंग्रजीत म्हणायची. तो गृहपाठ नव्हता, मित्रांनो, ते तिचे मागणे होते.

जानेवारीत तिची आजी आली. अंजनाबाई, विदर्भातल्या पुलगावच्या. वय सहासष्ट, शाळा चौथीपर्यंत, आणि मान अशी ताठ की दाराच्या चौकटीला लागेल. तीन महिन्यांचा व्हिसा. आल्या त्याच दिवशी जेवताना राजानंदाने विचारले, “आई, विमानतळावर काही त्रास नाही ना झाला?”

“मले कायचा त्रास? सगळं येते मले.”

मी टॅबलेटला जोडलेली, टेबलाच्या कडेला पडले होते. त्या खोटे बोलल्या हे मला पुढे कळले. फ्रँकफर्टला पासपोर्ट तपासणाऱ्या काचेमागच्या माणसाने त्यांना काही विचारले, तेव्हा त्यांनी मुलाने लिहून दिलेली चिठ्ठी पुढे केली होती. तो चिठ्ठी वाचून हसला असेल किंवा नसेलही. यांना मात्र तो हसला असेच वाटले.

मंगळवार आणि गुरुवार धम्मदीपाचे हँडबॉल असायचे. उत्कर्षा तिला घेऊन जायची, राजानंद कामावर. पाच ते साडेसहा घरात फक्त अंजनाबाई आणि मी. पहिल्या मंगळवारी त्यांनी दाराला कडी लावली, पदराने हात पुसले आणि मला उचलले. टॅबलेटला चार आकड्यांचे कुलूप होते. नातीची जन्मतारीख! ती आजीला कोण विसरायला लावणार?

“बस बाई कानपट्टे, नीट बस,” असे म्हणत त्यांनी मला अंबाड्यावरून चढवले. खोबरेल तेलाचा वास माझ्या गाद्यांमध्ये शिरला. मग त्या माझ्या काडीजवळ तोंड आणून हळूच म्हणाल्या, “जाताना चिठ्ठी नाही दाखवायची मले. समजलं? आणि ही पोरगी जर्मनात बोलते, ते माह्या डोक्यात शिरत नाही. पण इंग्रजी तिलेही नवी, मलेही नवी. दोघी पहिल्या धड्यापासून.”

“धिस इज अ विंडो,” टॅबलेट म्हणाला.

“धिस इज अ विंडो,” अंजनाबाई म्हणाल्या.

तेवीस गुण. ‘विंडो’ लाल.

आता यात चूक कोणाची, ते तुम्हीच ठरवा. त्यांच्या घरात कधी कोणाचा वेगळा तांब्या नव्हता, वेगळा कंगवा नव्हता. एक रेडिओ, ज्याला ऐकायचा त्याने ऐकावा. टॅबलेटही तसाच, घरातला. पण त्या यंत्राला घर माहीत नव्हते. एका नावामागे एकच गळा असतो, एवढेच त्याला शिकवलेले. वर नाव धम्मदीपाचे, म्हणून तेवीस गुण धम्मदीपाचे. मला दोन्ही गळे ओळखू येत होते. मी दोन्ही पुढे पोचवत होते. ओरडून सांगता मात्र येत नव्हते.

गुरुवारी एकोणतीस. पुढच्या मंगळवारी चौतीस. त्यानंतर एक दिवस एक्केचाळीस पडले, तेव्हा अंजनाबाईंनी मला डोक्यावर तसेच ठेवून डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकला. “एक्केचाळीस! बाप्पा! आमच्या वस्तीत सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही.” सांगायचे मात्र कोणालाच नव्हते. सगळे येते असे म्हणून बसलेल्या बाईला पहिल्या धड्यावर कोणी पाहायला नको होते.

तिकडे यंत्र गोंधळले. एक दिवस ब्याण्णव, दुसऱ्या दिवशी एकोणतीस. त्याने धम्मदीपाला नद्यांवरून उचलले आणि परत खिडकी-दारावर आणून बसवले. ती बुधवारी जीव तोडून चार धडे वर चढायची, गुरुवारी संध्याकाळी आजी तिला खाली खेचायच्या. दोघी एकाच जिन्यावर होत्या आणि एकीलाच दुसरीचे पाऊल ऐकू येत होते.

हो, धम्मदीपाला कळले होते. पहिल्याच आठवड्यात. तिने मला कानाला लावले, थबकली, काढले आणि माझी गादी नाकाशी धरली. मग तिने साठवलेला एक आवाज चालू केला. “धिस इज माय हँड. दीज आर माय टू हँड्स.” ती इतकी हसली की तिने तोंडावर उशी धरली. नंतर ओल्या रुमालाने तिने माझ्या दोन्ही गाद्या पुसल्या. त्या दिवसापासून दर बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी शाळेत जाण्याआधी ती मला पुसायची. शाळेत वास आला असता तर विचारपूस झाली असती, आणि विचारपूस झाली असती तर आजीचे शिकणे बंद. अकरा वर्षांची पोर, तिने हे सगळे एकटीने ठरवले. पुसतानाची तिची घाई मला अजून आठवते.

मार्चच्या सुरुवातीला शाळेतून पत्र आले. यंत्राने तिच्या नावापुढे लाल निशाण लावले होते. राजानंदाने पत्र टेबलावर आपटले.

“मार्क एवढे कसे घसरले? काय चाललंय तुझं, धम्मदीपा?”

“निक्स, पपा,” म्हणजे काही नाही.

“निक्स काय? मराठीत बोल. मोबाइल बघत बसतेस ना?”

आणि मग अंजनाबाई, ज्यांना पत्रातले काहीच ठाऊक नव्हते, भाकरी मोडत म्हणाल्या, “मेहनत कमी पडून राहिली असेल तिची. रोज बसलं पाहिजे माणसानं. नेमानं.”

धम्मदीपाने आजीकडे पाहिले. माझ्या सगळ्या तारा ताठ झाल्या. आता बोलेल, आता सांगेल. पण ती म्हणाली, “या, ओमा,” म्हणजे हो आजी, आणि ताट उचलून आत गेली.

“आई, तिला आणखी नका बोलू,” उत्कर्षा हळूच म्हणाली.

“मी काय वाईट बोलले?”

यादी लागायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, शाळेत बोलावणे होते. मुलीला आणि आईवडिलांना. टॅबलेट आणि हेडसेट बरोबर आणावे. उत्कर्षाला कामावरून सुटी मिळाली नाही, तेव्हा अंजनाबाई पायात मोजे चढवून तयार. “नातीची शाळा पाहिल्याशिवाय गेले तर लोक काय म्हणतील मले?” निळ्या काठाची साडी, वरून उत्कर्षाचा गुडघ्यापर्यंतचा कोट.

खोलीत एका बाजूला फ्राउ आयझेले आणि हेर क्युबलर, दुसऱ्या बाजूला हे तिघे, मधे मी. हेर क्युबलरनी भिंतीवर आलेख दाखवला. वर हिरवे ठिपके, खाली लाल, प्रत्येकाखाली आकडा.

“बघा,” ते जर्मनमध्ये म्हणाले, “मंगळवारी आणि गुरुवारी घसरण. त्याच दिवशी हँडबॉल असते असे कळले. मुलगी दमते. माझे मत, हँडबॉल बंद करा, वर्षभर उजळणीचा वर्ग घ्या. इंग्रजीची तुकडी या वर्षी नको.”

धम्मदीपाचा हात टेबलाखाली माझ्या वायरवर होता. वायर तिने बोटाला इतकी गुंडाळली की बोट पांढरे पडले.

राजानंदाने फ्राउ आयझेलेंना विचारले, “तुमचे मत काय?”

त्या चष्मा पुसायला लागल्या. “आकड्यांवर माझा विश्वास नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरे सांगायचे तर… माझ्या तासाला ही कधी बोलतच नाही. मी कशाच्या बळावर हिची बाजू घेऊ?”

मित्रांनो, माझ्या पोटात तीनशे आवाज होते. सगळे पुढे पोचवलेले, सगळे साठवलेले. पण एकाने आलेख पाहिला होता, दुसरीने आलेखाकडे पाठ फिरवली होती. ऐकले कोणीच नव्हते. आणि मी टेबलावर, लाकडासारखी.

तेवढ्यात अंजनाबाई उठल्या. जर्मन त्यांना एक शब्द कळला नव्हता. पण आकडे कळतात. बसवरचे कळतात, फोनवरचे कळतात. त्या आलेखाजवळ गेल्या आणि खालच्या लाल ठिपक्यांवरून बोट फिरवत गेल्या. तेवीस. एकोणतीस. चौतीस. बोट थांबले.

“राजानंद, हे काय लावलं हाये भिंतीवर?”

“आई, बसा. धम्मदीपाचे मार्क आहेत. नापास होतेय ती.”

“हिचे? हे हिचे नाहीत.” त्यांनी वळून मुलाकडे पाहिले. चेहऱ्यावरचे रक्त उतरले होते, पण मान तशीच ताठ. “हे एक्केचाळीस माहे हायेत.”

“काय?”

“माहे. मी बोलते त्या कानपट्टीत. मंगळवारी आणि गुरुवारी. मले काय माहीत की हिच्या नावावर चढून राहिले? सांग त्यायले.”

हेर क्युबलरनी विचारले, “आजी काय म्हणताहेत?”

राजानंद लाल झाला. आपली आई नातीच्या खात्यावर चोरून पहिला धडा गिरवते, हे शाळेत, साहेबांसमोर, कसे सांगायचे? तो जर्मनमध्ये म्हणाला, “काही नाही. त्यांना आलेख आवडला.”

बाप्पा! मला स्वतःचा आवाज असता तर त्या क्षणी तो त्याच्या कानात फुटला असता.

पण आवाज दुसरीकडून आला. धम्मदीपा उभी राहिली होती. ती जर्मनमध्ये बोलली नाही, मराठीतही नाही. ती इंग्रजीत बोलली. आधी हळू, मग नदीसारखी. ती म्हणाली, “माझे वडील नीट सांगत नाहीत. आजी म्हणते, हे एक्केचाळीस तिचे आहेत. लाल ठिपके सगळे तिचे आहेत. ती फसवत नव्हती, ती शिकत होती. मला माहीत होते, मी सांगितले नाही, कारण तुम्ही तिला थांबवले असते. आणि नीट बघा, लाल ठिपकेसुद्धा वर चढताहेत. आठ आठवड्यांत तेवीसवरून एक्केचाळीस. ती सहासष्ट वर्षांची आहे.”

अंजनाबाईंनी विचारले, “काय म्हणते ही?” आणि मग स्वतःच म्हणाल्या, “थांब. सिक्स्टी-सिक्स मले समजलं. लर्निंग समजलं.”

हेर क्युबलरनी घाईघाईने माझे टोक टॅबलेटमधून उपसले, म्हणजे आवाज सगळ्यांना ऐकू जाईल, आणि एका लाल ठिपक्यावर बोट ठेवले. पुलगावचा जाडाभरडा आवाज खोलीभर झाला. “दीज आर माय टू हँड्स.” त्यांनी हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवले. नद्या वाहू लागल्या.

फ्राउ आयझेलेंनी चष्मा घातला, काढला. “दीड वर्ष मी हिला शिकवते आहे,” त्या म्हणाल्या. “हिचा आवाज मी आज ऐकला.”

“मी पाच महिने साठवतो आहे,” हेर क्युबलर म्हणाले. “मीही आजच.”

एवढ्यावर सगळे गोड झाले असे समजू नका. हा देश कागदपत्रांवर चालतो. बाहेरच्या माणसाचा आवाज शाळेच्या यंत्रात परवानगीशिवाय साठवला गेला, म्हणून अंजनाबाईंना दोन पानी कागदावर सही करावी लागली. खाते दुसऱ्याला वापरायला दिले म्हणून राजानंदाला समज मिळाली. घरी आल्यावर त्याने आईशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच त्याला सुनावले, “लाज मले वाटायला पाहिजे होती, ती मी टेबलावर ठेवून आले. तू काहून उचलून घरी आणली?” मग तो हसला. उत्कर्षा तर आधीपासूनच हसत होती.

शुक्रवारी यादी लागली. चोवीस नावांत एकविसावे नाव धम्मदीपाचे होते. शिफारशीखाली सही दोन्ही शिक्षकांची होती.

अहवालात काय लिहिले, ते मला पूर्ण माहीत नाही. इतके कळले की शाळेने आणखी हेडसेट घेतले, आणि दर आठवड्याला शिक्षकाने प्रत्येक मुलाचा एक तरी आवाज स्वतःच्या कानाने ऐकायचा असा नियम केला. फ्राउ आयझेले कुरकुर करत ऐकायच्या, पण ऐकायच्या. दोन वर्षांनी आम्हा जुन्यांना भंगाराच्या पेटीत टाकले, तेव्हा धम्मदीपाने बारा नंबर शोधून मागून आणला.

अंजनाबाई परत जाण्याआधीचे दहा दिवस मला विसरता येत नाहीत. दोघी खिडकीपाशी बसायच्या, टॅबलेट बंद, मी हुकाला. “ओठ गोल कर, आजी,” नात म्हणायची, चक्क मराठीत. “शिट्टी वाजवतात तसे. उ-विंडो.”

“उ-विंडो. माहे दात पडले तर तुह्यावर येईल.”

पुलगावला पोचल्यावर त्यांचा फोन आला. धम्मदीपाने मला कानाला लावले, म्हणून तो पहिल्यांदा मीच ऐकला. “काचेमागच्या माणसानं विचारलं ना, तर म्यां सांगितलं, आय केम टू सी माय ग्रँडडॉटर. चिठ्ठी पर्समध्येच होती. काढलीच नाही.”

मित्रांनो, माझी वायर ओढू नका, काडी पिरगाळू नका, वापरून झाल्यावर मला नीट टांगा. हे मी सांगणारच, माझे वय झाले आहे. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. कोणाच्या नावापुढचा आकडा वाचून बोलण्याआधी एकदा त्याचा आवाज ऐका. आम्ही यंत्रे पोचवू सगळे, पण ऐकायचे काम तुमच्याकडेच राहणार.

माझ्या उजव्या गादीला अजून खोबरेल तेलाचा वास येतो. धम्मदीपा आता ती पुसत नाही.